आठ लिटरची अट आणि ताशी ५०५ किलोमीटर: कॉद्रों सी.४६० इतकं वेगवान का होतं?

२५ डिसेंबर १९३४ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या इस्त्रच्या विमानतळावरून रेमों देल्मोत यांनी एक छोटं लाकडी विमान उडवलं आणि जमिनीवरून उडणाऱ्या विमानांचा जागतिक वेगविक्रम ताशी ५०५.८४८ किमीवर नेला. ते विमान होतं कॉद्रों सी.४६० ‘राफाल’. फ्रेंचमध्ये राफाल म्हणजे वाऱ्याचा जोराचा झोत. आधीचा विक्रम अमेरिकेच्या जिमी वेडेल यांचा, ताशी ४९१ किमीच्या आसपास. त्यांच्या विमानाचं इंजिन देल्मोतांच्या इंजिनापेक्षा बरंच मोठं होतं. देल्मोतांचं इंजिन जेमतेम ३७० अश्वशक्तीचं होतं.

एवढ्याशा ताकदीत एवढा वेग कसा मिळाला, हे समजायला आधी शर्यतीचा नियम पाहावा लागतो. या विमानाचा जवळजवळ प्रत्येक भाग त्या नियमाला दिलेलं उत्तर आहे.

आंरी डॉइच द ला मर्त हे फ्रान्समधले पेट्रोलियम उद्योजक. विमानविद्येच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी मोठमोठी बक्षिसं लावली होती. त्यांच्या नावाची शर्यत त्यांच्या मुलीने, सुझान यांनी, १९३३ मध्ये पुन्हा सुरू केली. अट अशी: इंजिनाची एकूण क्षमता ८ लिटरच्या आत. अंतर २००० किमी, हजार-हजार किमीच्या दोन टप्प्यांत. उड्डाण पॅरिसच्या दक्षिणेला एतांपजवळ, १०० किमीच्या बंदिस्त फेरीवर. म्हणजे प्रत्येक टप्प्यात दहा फेऱ्या.

इंजिनाची क्षमता म्हणजे सगळे पिस्टन खालून वर जाताना जेवढी जागा झाडून काढतात तेवढी. त्या जागेत जेवढी हवा मावेल त्या प्रमाणातच पेट्रोल जाळता येतं. म्हणून लिटरवर मर्यादा घातली की ताकदीवर आपोआप मर्यादा येते. ती ओलांडायला दोनच वाटा उरतात. इंजिन जास्त फेऱ्यांनी फिरवायचं, किंवा सुपरचार्जरने हवा दाबून आत कोंबायची. दोन्हींत इंजिन तापतं, आणि हजार किमी टिकायचं असेल तर फार ताणूनही चालत नाही.

पहिल्या वर्षी, १९३३ मध्ये, ही शर्यत पोतेझ ५३ या विमानाने जिंकली. वैमानिक जॉर्ज देत्रे, सरासरी ताशी ३२२.८ किमी. दोनच वर्षांनी, १९३५ मध्ये, देल्मोतांनी सी.४६० मधून तीच शर्यत ताशी ४४३.९६५ किमीने जिंकली. नियम तोच, आठ लिटर तेच, आणि दोन्ही इंजिनांच्या ताकदीतही फार अंतर नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला मात द्यायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. वेग १.३७५ पट झाला तर ताकद २.६ पट लागते. म्हणजे पोतेझ विमानातच जास्त ताकदीचं इंजिन घालून ४४४ गाठायचं ठरवलं असतं, तर सुमारे ८०० अश्वशक्ती लागली असती. आठ लिटरमध्ये ती मिळणं शक्य नव्हतं. मग उरतो तो अडथळा कमी करण्याचा मार्ग.

हे काम केलं मार्सेल रिफार यांनी. १९३३ मध्ये रेनो कंपनीने कॉद्रों ही जुनी विमान कंपनी ताब्यात घेतली आणि रिफार तिथे मुख्य रचनाकार झाले. विमान त्यांचं आणि इंजिन रेनोचं, अशी जोडी जमली.

पोतेझच्या नाकावर तारकाकार इंजिन होतं. त्यात सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे चहूकडे पसरलेले असतात, त्यामुळे विमानाचं तोंड रुंद होतं. रेनोच्या इंजिनात सहा सिलिंडर एकामागे एक, एका रांगेत. समोरून पाहिलं तर एकाच सिलिंडरची रुंदी दिसते. शिवाय ते उलटं बसवलेलं, म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) वर आणि सिलिंडर खाली लोंबकळणारे. याचा फायदा दुहेरी. प्रोपेलरचा अक्ष वर जातो, त्यामुळे चाकांचे पाय आखूड चालतात, आणि नाकाचा वरचा भाग उतरता ठेवता येतो.

या इंजिनाची मूळ मापं १२० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि १४० मिमी स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव). सहा सिलिंडरांचा हिशेब केला की ९.५ लिटर होतात. स्ट्रोक तेवढाच ठेवून बोअर ११० मिमी केला की बेरीज ७.९८ लिटर येते, म्हणजे नियमाच्या कडेला टेकून. विक्रमाच्या उड्डाणाला आठ लिटरची अट नव्हती, म्हणून तिथे ९.५ लिटरचं सुपरचार्जर असलेलं इंजिन वापरलं.

रांगेतल्या इंजिनाचं दुखणं म्हणजे थंडावा. पुढच्या सिलिंडरला ताजी हवा मिळते आणि मागच्यांना उष्टी. यावर उपाय असा की हवा समोरून घेऊन सगळ्या सिलिंडरांच्या एका बाजूने लांब पोकळीत भरायची, आणि पातळ पत्र्याचे आडोसे लावून तिला प्रत्येक सिलिंडरच्या बाहेरच्या पातळ कंगोऱ्यांमधूनच दुसऱ्या बाजूला जायला भाग पाडायचं. आडोसा सिलिंडरला घट्ट बसला पाहिजे. दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली तरी हवा तिथून पळते, मागचा सिलिंडर तापतो, आत मिश्रण वेळेआधी भडकतं आणि शेवटी पिस्टनला भोक पडतं. वेगाच्या विमानात मोठं तोंड उघडून भरपूर हवा घेण्याची चैन नसते, कारण आत शिरलेली प्रत्येक घनफूट हवा ओढत न्यावी लागते. म्हणून असल्या विमानाची काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडून बसवताना आडोशांकडे आधी पाहायचं.

उलट्या इंजिनाची आणखी एक खोड आहे. विमान नुसतं उभं राहिलं की तेल झिरपत खाली, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यात साठतं. तेल दाबलं जात नाही. तसंच इंजिन सुरू केलं तर पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून इग्निशन बंद असल्याची खात्री करून प्रोपेलर हाताने हळू फिरवायचा, सगळे सिलिंडर एकदा दाबाच्या फेरीतून जाईपर्यंत. कुठे अडल्यासारखं वाटलं तर जोर करायचा नाही. त्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढून तेल वाहू द्यायचं. अशा प्रकारचं कुठलंही इंजिन सांभाळणारे मेकॅनिक आजही हेच करतात.

आता पंख. पंखांचा विस्तार ६.७५ मीटर, क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर, आणि विमानाची लांबी ७ मीटरपेक्षा थोडी जास्त. पंखांच्या विस्तारापेक्षा विमानच लांब. सात चौरस मीटर म्हणजे घरातल्या एका लहान खोलीची जमीन. त्यावर पेट्रोल भरल्यानंतरचं सुमारे ९०० किलो वजन, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास १३० किलो. त्या काळच्या हलक्या विमानांच्या मानाने हा भार खूपच जास्त आहे. लहान पंख घेतला की हवेला घासणारा पृष्ठभाग कमी होतो, पण उतरण्याचा वेग वाढतो. किती वाढतो हे साध्या गणिताने दिसतं. फ्लॅप न वापरता अशा पंखाने उचलायचं म्हटलं तर ताशी १४० किमीच्या आसपास विमान स्टॉल होईल, म्हणजे पंखाची उचल तुटेल. मागच्या कडेखाली उघडणारे फ्लॅप लावले की आकडा १३०च्या खाली येतो. पेट्रोल संपत आल्यावर वजन घटतं तेव्हा आणखी थोडा. १९३४ मधली गवताची मैदानं लक्षात घेतली तर हे दहा-पंधरा किमी जिवावरचे आहेत. वेगाच्या विमानाला फ्लॅप लागतात ते त्याला लहान पंख परवडावा म्हणून.

बांधणी लाकडाची. हे मागासलेपण नव्हे. पत्र्याच्या विमानावर रिव्हेटची डोकी, जोडांच्या कडा आणि पत्र्याचे हलके फुगवटे राहतात. प्लायवूडवर कापड चिकटवून, लांबी (पुट्टी) भरून, घासून, रंगाचे थर चढवून जो गुळगुळीतपणा येतो तो त्या काळच्या पत्र्याला जमत नव्हता. पंखाच्या पुढच्या भागावर हवा थरांनी सरकत असते. तिथे एक खडा वर आला तरी मागे गोंधळाची शेपटी तयार होते. लाकडाची किंमत वेगळी आहे. ओल शिरली की ते फुगतं, सरस सुटतो, आणि रंगाखाली बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून लाकडी पंखावर बोटांनी टकटक करत जायचं. आवाज भरीव न येता पोकळ आला की तिथला सरस सुटलेला आहे.

वैमानिकाची जागा पाहिली की पहिल्यांदा नवल वाटतं. तो जवळजवळ शेपटीपाशी बसतो आणि त्याच्या डोक्यामागून आवरण सरळ उभ्या शेपटीत मिसळतं. यामागे वजनाचा तोल आहे. पुढे जड इंजिन, त्यामागे पेट्रोलची टाकी, आणि मग माणूस. पातळ पंखात पेट्रोलला जागा नाही, आणि उड्डाणात शेकडो लिटर पेट्रोल संपत जाणार. टाकी गुरुत्वमध्याजवळ नसेल तर हजार किमीत विमानाचा तोलच बदलेल. म्हणून मधली जागा पेट्रोलची, आणि माणूस मागे. परिणामी जमिनीवर असताना समोर नाकाशिवाय काही दिसत नाही. अशा विमानाला धावपट्टीवर नेताना डावी-उजवीकडे वळवत न्यावं लागतं, आणि उतरताना सरळ न येता वळणातच खाली यावं लागतं, म्हणजे शेवटपर्यंत जमीन बाजूने दिसत राहते.

चाकं ही १९३४ ची मोठी डोकेदुखी होती. आत ओढली जाणारी चाकं हे सी.४६० चं वैशिष्ट्य, पण त्या वर्षीच्या शर्यतीपर्यंत ती यंत्रणा भरवशाची झाली नाही. मे महिन्यात शर्यत जिंकली ती सी.४५० ने. मोरिस आर्नू, ताशी सुमारे ३८९ किमी. सी.४५० म्हणजे बहुतेक तेच विमान, पण चाकं कायम बाहेर आणि त्यांवर थेंबाच्या आकाराचे घट्ट झाकण. निर्णय योग्य होता असं माझं मत आहे. चाकं अर्धी अडकली तर विमान पोटावर उतरवावं लागतं आणि लाकडी पंखाचा चुराडा होतो. शर्यत पूर्ण करणारं थोडं हळू विमान हे मैदानात पडलेल्या वेगवान विमानापेक्षा केव्हाही पुढे असतं.

सगळ्यांत सुंदर भाग मात्र प्रोपेलर, आणि त्यावर थोडं थांबायला हवं.

प्रोपेलर म्हणजे हवेत फिरत पुढे जाणारा स्क्रू. समजा इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्या करतं. ताशी ५०५ किमीला विमान एका फेरीत ३.४ मीटर पुढे सरकतं. धावपट्टीवर ताशी ७० किमीला धावताना तेच अंतर फक्त अर्ध्या मीटरच्या आसपास. दोन मीटर व्यासाच्या प्रोपेलरचं पातं मध्यापासून पाऊण मीटरवर पाहिलं, तर वेगात त्याला सुमारे ३६ अंशांची तिरप लागते आणि धावताना ६ अंशांपेक्षा थोडी कमी. पातं वेगासाठी ठोकून बसवलं तर जमिनीवर हवा कापली जाण्याऐवजी फेसाळते, इंजिन फेऱ्या घेत नाही, आणि मैदान संपेपर्यंत विमान उठत नाही. उड्डाणासाठी बसवलं तर वेग वाढताच प्रोपेलर हवेला ढकलेनासा होतो आणि इंजिन मर्यादेबाहेर सुटतं. जड पंखभाराच्या विमानाला हे दोन्ही चालत नाही.

उडताना हवी तशी तिरप बदलणारे प्रोपेलर त्या काळी येऊ लागले होते, पण ते जड आणि गुंतागुंतीचे होते. फ्रान्सच्या रात्ये कंपनीचं उत्तर अत्यंत साधं होतं. पात्यांच्या मुळाशी, प्रोपेलरच्या तुंब्यात (मधल्या गोल भागात), हवेची बंद पिशवी. नाकाच्या टोकाला एक व्हॉल्व्ह आणि समोर एक छोटी चकती. उड्डाणाआधी मेकॅनिक सायकलचा पंप लावून हवा भरतो. दाबाने पाती कमी तिरपेच्या बाजूला जाऊन टेकतात. विमान उडतं, वेग घेतं, आणि समोरून येणाऱ्या हवेचा दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती चकती मागे ढकलली जाते. व्हॉल्व्ह उघडतो, हवा निसटते, आणि पाती जास्त तिरपेवर जातात. वैमानिकाला काहीच करायचं नसतं. इंजिनाचा सूर एकदम खाली आला की बदल झाला हे त्याला कळतं.

यात काय बिघडू शकतं? व्हॉल्व्ह गळका असेल तर हवा धावपट्टीवरच निघून जाते आणि विमान चुकीच्या तिरपेत धावत राहतं. म्हणून हवा भरल्यावर लगेच निघायचं नाही. थोडा वेळ थांबून पाती जागेवर आहेत ना, हे हाताने हलवून पाहायचं. चकती धुळीने अडकली तर बदल होतच नाही, फेऱ्या वाढत जातात, आणि वैमानिकाला थ्रॉटल मागे घेऊन परत यावं लागतं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हा बदल एकदाच होतो. हवा गेली की गेली. उतरताना अंदाज चुकला आणि पुन्हा वर जायचं ठरवलं, तर पाती वेगाच्या तिरपेत असतात, इंजिन जोर धरत नाही, आणि पंख आधीच लहान. अशा विमानात पहिल्याच खेपेला नीट उतरणं हे वैमानिकाचं खरं कौशल्य. १९३४ च्या ऑक्टोबरमधल्या इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया शर्यतीत जिंकलेल्या डी हॅविलंड कॉमेट विमानावरही रात्येचेच प्रोपेलर होते. या शर्यतीतला एक सक्तीचा थांबा आपल्या अलाहाबादला होता, म्हणजे तिथल्या मैदानावरही कोणी तरी पंप घेऊन दोन प्रोपेलरांत हवा भरली असणार.

हे सगळं एकत्र केल्यावर काय मिळालं त्याचा हिशेब करता येतो. ३७० अश्वशक्ती म्हणजे २७२ किलोवॉट. प्रोपेलर त्यातले ८० टक्के कामी लावतो असं धरू, म्हणजे २१८. वेग सेकंदाला १४०.५ मीटर. भागाकार केला की हवेचा अडथळा साधारण १५५० न्यूटन, म्हणजे १५८ किलोचा रेटा. त्याच वेगात, समुद्रसपाटीवरच्या हवेत, एक सपाट चौरस फळी आडवी धरली तर तेवढाच रेटा यायला फळीची बाजू किती असावी? सुमारे ३३ सेंटीमीटर. सात मीटर लांबीचं आख्खं विमान, त्याचे पंख, शेपटी, तापणारं इंजिन आणि आत बसलेला माणूस, हे सगळं मिळून हवेला एका फुटापेक्षा थोड्या मोठ्या चौकोनाएवढंच अडतं. रिफार यांचं काम या एका आकड्यात मावतं.

विक्रमासाठी ३ किमीच्या मोजलेल्या पट्ट्यावर, जमिनीच्या अगदी जवळून, दोन्ही दिशांनी उडून सरासरी घेतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा-तोटा फिटतो. या वेगाला तो पट्टा २१ सेकंदांत संपतो. सप्टेंबर १९३५ मध्ये हॉवर्ड ह्यूज यांनी ताशी ५६७ किमी करून विक्रम मोडला, पण त्यांच्या इंजिनाची ताकद जवळपास दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होती. घनाचा नियम लावून पाहा: ५०५ ते ५६७ साठी नुसती १.४ पट पुरायला हवी होती.

या कुळातल्या विमानांवर एलेन बुशे यांचं नाव कोरलेलं आहे. ऑगस्ट १९३४ मध्ये त्यांनी सी.४५० मधून ताशी ४४५ किमीचा महिलांचा विक्रम केला. त्याच महिन्यातला त्यांचा १००० किमीचा वेग ताशी ४०९ किमी होता, आणि तो फक्त महिलांमधला नव्हता, तर त्या अंतराचा सर्वांसाठीचा विक्रम होता. ३० नोव्हेंबर १९३४ रोजी पॅरिसजवळ गियांकूर इथे सी.४३० राफाल उतरवताना झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय २६. लहान पंखाच्या विमानाचा कमी वेगातला स्वभाव किती कडक असतो याची इतकी दुःखद साक्ष दुसरी नाही.

१९३६ मध्ये मिशेल देत्रुआया सी.४६० घेऊन अमेरिकेला, लॉस एंजेलिसच्या राष्ट्रीय हवाई शर्यतींना गेले. ग्रीव करंडक जिंकला, आणि मग १५० मैलांची थॉम्प्सन करंडकाची शर्यत, ताशी सुमारे ४२५ किमीने. समोरची अमेरिकन विमानं कितीतरी मोठ्या इंजिनांची होती. देत्रुआया हवाई कसरतींतले नामांकित वैमानिक होते, आणि त्याचा उपयोग शर्यतीचा मार्ग दाखवणाऱ्या खांबांभोवती वळताना झाला. ताशी ४५० किमीला तिप्पट वजनाच्या दाबाने वळलं तरी वळणाची त्रिज्या साडेपाचशे मीटरहून जास्त येते. त्याहून घट्ट वळलं की लहान पंखावरचा भार वाढतो, अडथळा झपाट्याने वाढतो, आणि सरळ रेषेत मिळवलेलं सगळं वळणात जातं. तिथे वैमानिकाला हात हलके ठेवावे लागतात.

मग प्रश्न येतो की अशाच विमानावर बंदुका लावून लढाऊ विमान का करू नये. रिफार यांनी तेच करून पाहिलं. सी.७१४ हे लाकडी, हलकं, चार मशीनगनचं विमान. रेनोची दोन सहा सिलिंडरी इंजिनं व्ही आकारात जोडावीत असं १९ लिटरचं, ४५० अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन. सपाट उड्डाणात ताशी ४६० किमी, म्हणजे वाईट नाही. पण अडथळा कमी केल्याचा फायदा सरळ उडताना मिळतो. वर चढताना वजन उचलायचं असतं, आणि तिथे दर किलोमागे किती अश्वशक्ती हाच प्रश्न असतो. सी.४६० मध्ये ती ०.४ होती. सी.७१४ मध्ये बंदुका, गोळ्या, रेडिओ धरून वजन १८०० किलोच्या आसपास गेलं आणि आकडा ०.२५ वर आला. समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ कडे तो ०.४ च्या वर होता. जून १९४० मध्ये फ्रान्ससाठी लढणाऱ्या पोलिश वैमानिकांच्या तुकडीने ही विमानं लढाईत उडवली. ती वापरू नयेत असा आदेश निघाल्यावरही त्यांनी ती उडवत ठेवली, कारण बदली विमानं मिळत नव्हती.